एक स्पेस आणि नऊ फाईल्स

सबमिशनच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ. लॅबमध्ये मी, माझा प्रोजेक्ट पार्टनर आणि किल्ल्यांचा जुडगा वाजवत "पोरांनो, आटपा" म्हणणारे मामा, एवढेच उरलो होतो. आमचा मिनी प्रोजेक्ट म्हणजे सी मध्ये लिहिलेला टू-पास असेंबलर. नऊ फाईल्स, दोन महिन्यांची मेहनत, आणि त्यातली निम्म्याहून जास्त पार्टनरची. शेवटचं एकदा सगळं नव्याने कंपाईल करून बघू म्हणून मी जुन्या ऑब्जेक्ट फाईल्स उडवायला बसलो. टाईप करायचं होतं 'आरएम *.ओ'. घाईत टाईप झालं 'आरएम * .ओ'. स्टार आणि डॉटच्या मध्ये एक स्पेस. बस्स, एवढंच.

स्क्रीनवर दोन ओळी आल्या. पहिली म्हणाली की 'टेस्ट' ही डिरेक्टरी आहे, ती काढता येत नाही. दुसरी म्हणाली की '.ओ' नावाची फाईल सापडत नाही. मला वाटलं काहीतरी किरकोळ एरर आहे. मग 'एलएस' मारलं आणि पोटात गोळा आला. डिरेक्टरीत फक्त 'टेस्ट' हे फोल्डर शिल्लक होतं!

मित्रांनो, हा लेख त्या रात्रीबद्दल आहे. पण रडगाणं म्हणून नाही. त्या रात्री आम्ही जे शिकलो ते तुम्हाला निदान वाचून तरी माहीत असावं, म्हणून. कारण आज ना उद्या ही वेळ प्रत्येकावर येतेच. माझ्यावर आली, तुमच्यावरही येईल.

झालं तरी काय?

आधी त्या स्पेसचं गणित समजून घेऊ. 'आरएम' ला आपण स्टार देतो तेव्हा तो स्टार 'आरएम' ला दिसतच नाही. आधी शेल त्याचा अर्थ लावतं. '*.ओ' म्हणजे 'ज्यांचं नाव .ओ ने संपतं त्या सगळ्या फाईल्स'. पण मध्ये स्पेस आली की त्याचे दोन तुकडे होतात : एक नुसता '*', म्हणजे इथल्या सगळ्या फाईल्स, आणि दुसरी '.ओ' नावाची एक फाईल. 'आरएम' ने आज्ञाधारकपणे सगळं उडवलं आणि शेवटी '.ओ' काही सापडली नाही म्हणून तक्रार केली. फोल्डर वाचलं, कारण 'आर' ऑप्शन दिल्याशिवाय 'आरएम' डिरेक्टरीला हात लावत नाही. आणखी एक गोष्ट वाचते : ज्यांचं नाव टिंबाने सुरू होतं त्या लपलेल्या फाईल्स. नुसत्या स्टारमध्ये त्या धरल्या जात नाहीत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आणि हो, कमांड लाईनवर रीसायकल बिन नसतं. लिनक्सच्या 'आरएम' ला नसतं, तसंच विंडोजच्या 'डेल' लाही नसतं. विंडोजमध्ये शिफ्ट दाबून डिलीट केलेलं किंवा पेनड्राईव्हवरून डिलीट केलेलंही सहसा बिनमध्ये जात नाही.

डिलीट म्हणजे पुसणं नव्हे

आता खरी मजा. डिलीट केलेली फाईल लगेच नाहीशी होते का? नाही.

हॉस्टेलचं उदाहरण घ्या. ऑफिसबाहेरच्या बोर्डावर लिहिलेलं असतं की अमुक मुलगा रूम नंबर ११२ मध्ये. मुलगा सोडून गेला की रेक्टर बोर्डावरचं नाव पुसतात आणि रजिस्टरमध्ये ११२ रिकामी दाखवतात. पण खोलीतली त्याची गादी, बादली, भिंतीवरची पोस्टरं तिथंच असतात. नवीन मुलगा राहायला येईपर्यंत कोणी ती हलवत नाही.

डिस्कवरही अगदी असंच होतं. डिरेक्टरी म्हणजे बोर्ड : त्यात नाव आणि एक नंबर. लिनक्समध्ये तो आयनोडचा नंबर. आयनोड म्हणजे रजिस्टरमधली नोंद : फाईल केवढी, मालक कोण, मजकूर डिस्कच्या कुठल्या ब्लॉक्समध्ये आहे. 'आरएम' फक्त बोर्डावरचं नाव काढतो. त्या आयनोडला दुसरं नाव उरलं नसेल आणि कुठल्याही चालू प्रोग्रामने ती फाईल उघडून धरली नसेल, तरच ब्लॉक्स 'रिकामे' म्हणून जाहीर होतात. रिकामे म्हणजे कोरे नव्हेत! नवीन काही त्यांच्यावर लिहिलं जाईपर्यंत तुमचा कोड तिथंच पडलेला असतो.

फाईल सिस्टीमप्रमाणे थोडा फरक पडतो. पेनड्राईव्हवरच्या फॅटमध्ये नावाचं पहिलं अक्षर बदलून तिथे एक खूण टाकतात आणि ब्लॉक्सची साखळी मोकळी करतात, पण सुरुवात कुठे होती ते बहुधा टिकतं. म्हणून सलग लिहिलेली फाईल बऱ्याचदा अख्खी परत मिळते. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये फाईलच्या नोंदीवर फक्त 'वापरात नाही' असा शिक्का बसतो. लिनक्सच्या ईएक्सटी३ आणि ईएक्सटी४ मध्ये मात्र पंचाईत आहे. डिलीट करताना आयनोडमधले ब्लॉक्सचे पत्तेही पुसले जातात. म्हणजे सामान खोलीतच आहे, पण कुठल्या खोलीत ते रजिस्टर सांगत नाही. मग दारोदार हिंडायचं!

पहिली पाच मिनिटं

आम्ही सगळ्यात पहिली बरोबर गोष्ट केली ती म्हणजे काहीच केलं नाही. खरं तर मी घाबरून मशीन बंद करणार होतो. पार्टनरने हात धरला. त्या क्षणी तो माझ्याशी बोलत नव्हता, पण हात मात्र धरला.

फाईल गेली की हे नियम पाळा :

१) त्या डिस्कवर काहीही लिहू नका. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर त्याच ड्राईव्हवर डाउनलोड करणं हा सगळ्यात मोठा गाढवपणा. ते नेमकं तुमच्या कोडच्या डोक्यावर जाऊन बसू शकतं.

२) उघडे असलेले एडिटर, टर्मिनल, काहीही बंद करू नका. लगेच रीस्टार्ट तर अजिबात नको.

३) आधी 'जिवंत' प्रती गोळा करा आणि त्या पेनड्राईव्हवर ठेवा, त्याच डिस्कवर नाही.

४) त्यानंतरच मशीन थांबवून डिस्क खणायला घ्या.

आमच्या नऊ फाईल्सचा हिशोब असा लागला.

पहिली फाईल, पास टूची, दुसऱ्या टर्मिनलमध्ये विममध्ये उघडी होती. डिस्कवरून ती गेली होती, पण एडिटरच्या मेमरीत अख्खी होती. ':डब्ल्यू' आणि पुढे पेनड्राईव्हचा पाथ. आली परत! एक सेकंदात. मी तेव्हा घाबरून टर्मिनल बंद केलं असतं तर?

दुसरी, सिंबॉल टेबलची, आणखी एका टर्मिनलमध्ये 'लेस' मध्ये उघडी होती. 'लेस' फाईल उघडून धरून ठेवतो. वर म्हटलं तसं, कोणी फाईल धरून ठेवली असेल तर नाव गेलं तरी तिचा जीव जात नाही. लिनक्समध्ये '/प्रॉक' च्या आत प्रत्येक चालू प्रोसेसच्या नंबरचं फोल्डर असतं आणि त्यात 'एफडी' नावाच्या फोल्डरमध्ये तिने उघडलेल्या फाईल्स दिसतात. तिथे आमच्या फाईलच्या नावापुढे 'डिलीटेड' असं लिहिलं होतं. 'सीपी' ने ती पेनड्राईव्हवर उतरवली. 'एलएसओएफ' ही कमांडही अशा फाईल्स दाखवते.

तिसरी आणि चौथी, म्हणजे दोन हेडर फाईल्स, पार्टनरने मला कधीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवल्या होत्या. पाचवी, पास वनची, जर्नलला लावायला तीन दिवसांपूर्वी प्रिंट काढली होती. ज्या प्रिंटआउटला आपण कागदाची नासाडी म्हणतो, त्याच बघून टाईप केल्या!

राहिल्या चार. आता खणायला सुरुवात.

दारोदार हिंडताना

सरांना फोन केला. बोलणी खाल्ली. पण सर आले, आणि मामांनीही कपाळावर आठ्या घालत किल्ल्या परत खिशात टाकल्या. आम्ही मशीन बंद केलं आणि उबुंटूच्या लाईव्ह पेनड्राईव्हवरून सुरू केलं. असं केलं की हार्ड डिस्कवर काहीच लिहिलं जात नाही. होम पार्टिशन माऊंट न करता ते अख्खंच्या अख्खं 'ग्रेप' मधून काढलं. 'ग्रेप' ला 'ए' ऑप्शन दिला की तो बायनरी गोष्टीलाही साधा मजकूर समजून वाचतो. 'बी' आणि 'ए' मोठ्या लिपीत देऊन, म्हणजे कॅपिटलमध्ये, सापडलेल्या ओळीच्या आधीच्या आणि नंतरच्या किती ओळी हव्यात ते सांगता येतं. मधूनच मेमरी संपली अशी तक्रार आली, तर आधी 'स्ट्रिंग्ज' मधून काढून मग 'ग्रेप' करायचं.

शोधायचं काय? इथे पार्टनरची एक सवय देवासारखी धावून आली. तो प्रत्येक फाईलच्या डोक्यावर कॉमेंटमध्ये फाईलचं नाव आणि आमचे रोल नंबर लिहायचा. मी त्यावरून त्याची टिंगल करायचो. तीच ओळ शोधली. शंभर जीबीच्या पार्टिशनला अर्ध्या तासाच्या वर लागला.

सापडलं ते मजेशीर होतं. एकाच फाईलच्या सहा-सात जुन्या आवृत्त्या! एडिटर सेव्ह करताना बऱ्याचदा नवीन जागी लिहितो आणि जुनी प्रत मागे पडून राहते. त्यातली सगळ्यात नवी कुठली ते ओळखायचं, शेवटी चिकटलेला कचरा कापायचा, अर्धवट फंक्शन दुसऱ्या आवृत्तीतून जोडायचं. अशा तीन फाईल्स उभ्या राहिल्या.

नववी, लिटरल पूलची, सापडली नाही. तिच्या जागेवर काहीतरी लिहिलं गेलं होतं. तीच नेमकी पार्टनरने आठ दिवस घासून लिहिलेली. तो काही बोलला नाही. रूमवर येऊन पहाटेपर्यंत त्याने ती परत लिहिली. मी शेजारी बसून चहा करत होतो आणि तो मागेल ते टेस्ट केस काढून देत होतो. 'टेस्ट' फोल्डर वाचलं होतं ना! डेमोमध्ये एका प्रोग्रामला एलटीओआरजी दोनदा आल्यावर आउटपुट चुकलं. जुन्या कोडमध्ये ते बरोबर चालायचं. तो मार्क माझ्या एका स्पेसने गेला, आणि त्याच्या नावावरून गेला.

विंडोजवाल्यांसाठी, आणि एसएसडीवाल्यांसाठी वाईट बातमी

विंडोजवर रिक्युव्हा हे जुनं, सोपं सॉफ्टवेअर आहे. २०२० पासून मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं 'विंडोज फाईल रिकव्हरी' ही मिळतं, पण ते कमांड लाईनवर चालतं. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही जोडी फुकट आहे आणि दोन्हीकडे चालते. फोटोरेक मजकुराच्या ठेवणीवरून फाईल ओळखतो, त्यामुळे फाईलची नावं मिळत नाहीत. 'एफ' आणि पुढे नंबर अशा शेकडो फाईल्सच्या ढिगातून आपली शोधावी लागते. फोटो, पीडीएफ यांना ठरावीक सुरुवात असते म्हणून ते चांगले मिळतात. कोड म्हणजे साधा मजकूर, तो ओळखणं अवघड.

आता वाईट बातमी. वर सांगितलेलं खणकाम जमलं कारण लॅबच्या मशीनला जुनी फिरती हार्ड डिस्क होती. आज बहुतेकांच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिथे ऑपरेटिंग सिस्टीम 'ट्रिम' नावाची कमांड पाठवून ड्राईव्हला सांगते की हे ब्लॉक्स आता नकोत. विंडोज हे डिलीट केल्याबरोबर कळवतं, उबुंटू सहसा आठवड्यातून एकदा. त्यानंतर ते ब्लॉक्स वाचले तर बहुधा शून्यंच मिळतात. म्हणजे रेक्टर खोली लगेच झाडून पुसून घेतात! तेव्हा रिकव्हरीच्या भरवशावर राहू नका.

एडिटर निवडताना काय बघायचं?

आपण एडिटर कसा निवडतो? सिनिअरने जो वापरला तो. किंवा ज्याची थीम काळीशार आणि भारी दिसते तो. त्या रात्रीनंतर मी तीनच प्रश्न विचारतो : लाईट गेली तर न सेव्ह केलेलं वाचेल का? मागे किती लांब जाता येईल? आणि सेव्ह केलेली फाईलच गेली तर एडिटरकडे काही उरेल का?

नोटपॅड : वर्षानुवर्षं त्यात एकच अनडू होता. विंडोज ११ च्या नव्या नोटपॅडमध्ये कुठे एकाहून जास्त अनडू आले. चिठ्ठी लिहायला ठीक, कोडला नको.

टर्बो सी : निळ्या स्क्रीनची आठवण सगळ्यांनाच आहे. एक गुण मान्य करायला हवा : सेव्ह करताना जुनी प्रत '.बॅक' नावाने ठेवायचा. पण डॉसच्या जमान्यातलं ते सॉफ्टवेअर आज वापरण्याचं काही कारण नाही.

नोटपॅड++ : २००३ पासूनचं, हलकं, फुकट. न सेव्ह केलेल्या फाईल्सची प्रत दर ७ सेकंदांनी बाजूला ठेवतो, हे डीफॉल्ट सेटिंग आहे. लाईट गेल्यावर परत उघडा, सगळं जागच्या जागी. विंडोजवर छोट्या कामाला झकास.

विम : ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ मध्ये बाहेर आणला. त्याचा पूर्वज व्हीआय त्याहून पंधरा वर्षं जुना. २०० अक्षरं टाईप झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की विम बदल स्वॅप फाईलमध्ये उतरवतो. तिचं नाव टिंबाने सुरू होतं, म्हणून आमच्यासारख्या 'आरएम *' मधूनही ती वाचते! 'विम' ला 'आर' ऑप्शन देऊन फाईल उघडली की रिकव्हरी. मात्र मूळ फाईलही गेलेली असेल तर स्वॅपमधून काही भागच मिळण्याची शक्यता असते, कारण न बदललेला मजकूर तो मूळ फाईलमधून घेतो. ':अर्लिअर १०एम' म्हटलं की दहा मिनिटांपूर्वीची फाईल समोर. 'सेट अनडूफाईल' केलं की एडिटर बंद करून उघडल्यावरही अनडू चालतो. ही सोय २०१० च्या ७.३ आवृत्तीपासून आहे. पहिले आठ दिवस बाहेर कसं पडायचं हेच कळत नाही, हे खरं. पण सर्व्हरवर जिथे खिडक्या-माऊस काही नसतं तिथे विम किंवा व्हीआय बहुधा असतोच.

ईमॅक्स : रिचर्ड स्टॉलमन यांचा जीएनयू ईमॅक्स १९८५ पासून आहे. साधारण ३०० कळा दाबल्या किंवा थोडा वेळ हात थांबला की ऑटोसेव्ह. शिवाय सेव्ह करताना नावापुढे '~' लावून जुनी प्रत. मात्र ही प्रत त्याच फोल्डरमध्ये असते, आणि नाव टिंबाने सुरू होत नाही. आमच्या स्टारने तीही गेली असती.

एक्लिप्स : जावावाल्यांना माहीतच आहे. त्यातली 'लोकल हिस्टरी' बऱ्याच जणांना माहीत नाही. डीफॉल्ट सेटिंगमध्ये ७ दिवसांच्या जुन्या प्रती ठेवतो, आणि एक्लिप्समधून डिलीट केलेली फाईलही फोल्डरवर राईट क्लिक करून परत आणता येते.

व्हीएस कोड : २०१५ मध्ये आला, आज बहुतेक वर्ग यावरच आहे. २०२२ च्या १.६६ आवृत्तीपासून यातही लोकल हिस्टरी आहे. प्रत्येक सेव्हची प्रत प्रोजेक्टच्या बाहेर, वेगळ्या फोल्डरमध्ये, एका फाईलच्या ५० पर्यंत. हे 'बाहेर' महत्त्वाचं. आम्ही व्हीएस कोडमध्ये लिहीत असतो तर पार्टनरचा लिटरल पूल बहुधा दोन क्लिकमध्ये मिळाला असता. त्याच नावाची रिकामी फाईल परत बनवायची आणि 'टाईमलाईन' मध्ये बघायचं.

माझं मत विचाराल तर रोजच्या कामाला व्हीएस कोड किंवा एक्लिप्स, आणि जोडीला विम निदान कामापुरता. भांडायला कॅन्टीन आहेच.

पण एडिटर हा बॅकअप नव्हे

खरं औषध गिट. लायनस टोरवाल्ड्सने २००५ मध्ये लिनक्स कर्नलसाठी लिहिलं, आपल्या मिनी प्रोजेक्टलाही चालतं! कमिट केलेली फाईल उडाली तर 'गिट रिस्टोअर' आणि फाईलचं नाव. संपलं. नुसतं 'गिट अॅड' केलं असेल, कमिट राहून गेलं असेल, तरीही मजकूर आत साठवलेला असतो; 'गिट रिस्टोअर' नेच तोही परत येतो. चुकून मागच्या कमिटवर गेलात तर 'गिट रीफ्लॉग' वाट दाखवतो.

फक्त एक. गिटचं सगळं भांडार त्याच फोल्डरमधल्या '.गिट' मध्ये असतं. स्टारमधून ते वाचेल, पण अख्खं फोल्डर उडवलं तर तेही जाईल. म्हणून रोज संध्याकाळी दुसरीकडे पुश करा.

हे फक्त पोरांचं होतं असं समजू नका. १९९८ मध्ये पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' चं काम चालू असताना सर्व्हरवर चुकीच्या जागी डिलीटची कमांड चालली आणि सिनेमा डोळ्यांदेखत नाहीसा होऊ लागला. बॅकअप होते, पण ते नीट घेतलेच जात नव्हते हे तेव्हा कळलं. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर असलेल्या प्रतीमुळे. त्या बाळंतपणानंतर घरून काम करत होत्या. तात्पर्य : परत आणून न बघितलेला बॅकअप हा बॅकअप नसतोच.

जाता जाता

मेकफाईल लिहा आणि त्यात 'क्लीन' टारगेट ठेवा. ती ओळ एकदाच नीट तपासायची, मग आयुष्यभर फक्त 'मेक क्लीन'. हाताने 'आरएम' करायचंच असेल तर कॅपिटल 'आय' ऑप्शन द्या. तीनपेक्षा जास्त फाईल्स असतील तर तो एकदा विचारतो. स्टार वापरण्याआधी तीच ओळ 'एलएस' लावून बघा, काय जाणार ते दिसेल. आणि फाईलच्या डोक्यावर नाव, रोल नंबर लिहा. कोणी हसलं तर हसू द्या.

पार्टनर आता माझ्याशी बोलतो. फक्त मी कीबोर्डला हात लावला की तो आधी स्वतःचं 'गिट पुश' करून घेतो. मी काही म्हणत नाही. बरोबरच आहे त्याचं.